खटका

रुस्तावीच्या मोटारबाजारामागं आमची शेड, नंबर चौदा.
गाडी आली तेव्हा तिच्यात अजून
मिसिसिपीचा गाळ होता.
सीटखाली, कार्पेटखाली, पट्ट्याच्या बकलात,
जिथं बोट जात नाही तिथं तर हमखास.
लिलावात बुडीत म्हणून विकलेली,
पोतीच्या बंदरात उतरलेली,
आणि उद्या नऊला तिच्यासाठी
अक्ताऊहून दौलेत येणार, रोख घेऊन.
त्याला गाळाचं सांगितलंय. किंमत त्यातच धरलीय.

आतलं सगळं मी उसवलं, धुतलं, वाळवलं, शिवलं.
सव्वीस वर्षं अशीच वाटणी आमची:
कापड, कातडं, फोम माझ्याकडं,
ज्याला दाते आहेत ते सगळं नोदारकडं.

फेब्रुवारीत त्याच्या मेंदूत एक नस तुंबली.
उजवा हात आता मांडीवर असतो,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.

म्हणून आज ड्रायव्हरच्या सीटवर तो
आणि शेजारी मी, गुडघ्यांवर, दातांत टॉर्च.
"केबल," तो म्हणतो.
शब्द त्याला एकेकटेच येतात हल्ली.
"गोळी. वर. दाब."
केबलचं टोक लिव्हरच्या गोळीवर धरते.
बसत नाही.
"शिवी," म्हणतो.
देते.
बसतं.

मग काळी चौकट, चार स्क्रू,
चौकटीखाली तांदळाएवढा बल्ब,
पी, आर, एन, डी अंधारात वाचता यावीत म्हणून.
लिव्हरभोवती मी नवं कातडं शिवलंय,
दुहेरी टाक्याचं, घेर थोडा सैल,
पुढं-मागं होताना ताण यायला नको.
एवढ्यापुरतं मला कुणी शिकवायचं नाही.

राहिली मूठ.
मुठीचं बटण आधी बाहेर ओढायचं,
ओढलेलंच धरायचं,
मूठ खाली दाबायची, कडं अर्धा वेढा फिरवायचं,
आणि मग बटण सोडायचं.
मी आधी सोडलं.
आत गेलं ते गेलंच,
आडात पडलेल्या तांब्यासारखं.

पुन्हा सगळं वर.
या वेळी केसांतली पिन काढली
आणि बटणाच्या खाचेत अडकवली.
नोदार हसला, अर्ध्या तोंडानं.
तो यासाठी प्लास्टिकचा पट्टा वापरायचा.
मूठ बसली. पिन परत केसांत, ग्रीससकट.

किल्ली फिरवली. दिवे लागले.
लिव्हर पी वर, हलेना.
बटण दाबून ओढलं. हलेना.
दोन्ही हातांनी. हलेना.
मी गाडी चालवत नाही,
गाड्यांच्या आत राहते फक्त.
वाटलं, कुठल्यातरी सोलेनॉइडात गाळ राहिला,
कॉन्सोल पुन्हा उघडायचा,
दौलेत येणार, चहा पिणार, रिकामा जाणार.

नोदार बोलत नव्हता.
खाली बघत होता, आपल्या पायांकडं,
ओळखीच्या माणसाचं नाव आठवत असल्यासारखा.
मग डावा पाय उचलला,
उजव्याच्या वरून पलीकडं नेला,
ब्रेकवर ठेवला,
दाबला.

टक.
कातड्याखाली कुठंतरी
एक बारीकशी खीळ मागं सरली.

"ब्रेक दाबायचा असतो, हे सांगायचं होतंस!"
"तुला कधी विचारावंसं वाटलं?"
चार शब्द, सलग. मी मोजले.

लिव्हर आर वर ओढला.
पुढचा पडदा उजळला, त्यात मागचं अंगण:
तुतीचं झाड, पाण्याचा पाइप,
आणि बंपरखाली पाठ टेकून झोपलेलं
शेजारच्या ओतारचं कुत्रं.
माझ्या तळहातावर एक स्क्रू उरलेला.
नोदारनं स्क्रूकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं.
"कुत्रं," म्हणाला.
आणि पाय होता तिथंच ठेवला.