पेटी क्रमांक एकोणीस

दारूखान्यात जिथे जहाजं तोडतात, तिथून हाकेवर
आमचं बोअरिंगचं तिकाटणं उभं आहे.
पाष्टे दोर सोडतो, आवळतो,
आणि जमीन नळीतून वर येते
हातभर, हातभर.

वरचे चार मीटर आपलेच :
विटांचे तुकडे, गिरणीची राख,
सोड्याच्या बाटलीतली गोटी, एक फुटकं कौल.
भराव. आधी इंग्रजांनी टाकला, मग पोर्ट ट्रस्टने,
मग ज्याला जे नकोसं झालं त्याने.

त्याखाली चिखल. काळा, लोण्यासारखा.
नळी नुसत्या वजनानेच उतरते, ठोकावी लागत नाही.
त्यात तिसऱ्या, दोन्ही शिंपा मिटलेल्या,
जणू टोपलीत भरायच्या राहून गेल्या.

अकरा मीटर सत्तरला आवाज बदलला.
"खुंट लागला, मॅडम. जुन्या धक्क्याचा सोट असणार."
मी तुकडा बादलीत धुतला.
साल होती.
साल न काढता सोट कोण ठोकतो, पाष्टे?

आणि सालीखाली, हातभर अंतरावर,
करंगळीएवढं मूळ
पिवळ्या मातीत शिरलेलं.
त्या मातीत चुनखडीचे खडे, ज्वारीच्या दाण्यांएवढे.
असे खडे समुद्राखाली होत नाहीत.
त्यांना ऊन लागतं, उघड्यावर पडून राहावं लागतं
कित्येक उन्हाळे.

नववीच्या भूगोलात हिमनदीची आकृती होती.
यू आकाराची दरी, काठाला हिमोढ,
नावे द्या, गुण चार.
वाळवेकर बाई फळा पुसता पुसता म्हणाल्या होत्या,
हे आपल्याकडे नाही, पण पाठ करा.
कांजूरच्या त्या वर्गात पंखा बंद होता
आणि मी बर्फाला निळा रंग देत होते.

बाई, ते इथे कधी आलं नाही, खरंच.
आमच्या काळ्या कातळावर एक ओरखडा नाही त्याचा.
पण दूर उत्तरेला ते साठत गेलं,
मैल मैल जाडीचं,
आणि त्याचं सगळं पाणी
इथल्या खाडीतूनच गेल्यासारखं गेलं.
किनारा मागे मागे सरला,
तेलाच्या मनोऱ्यांवर आज हेलिकॉप्टर उतरतात
त्याच्याही पलीकडे.
खांदेरी तेव्हा टेकडी होती.
घारापुरीला चालत जाता आलं असतं,
कुणी जायला असतंच तर.
ओढ्यांनी दऱ्या खोदल्या, झाडं उतरली खाली,
उतरली इथवर, अकरा मीटर सत्तरपर्यंत.

मग तिकडे वितळलं.
लाट आली असेल असं वाटत नाही मला.
एखाद्या उधाणाला बुंधा ओला झाला असेल,
पुढच्या वर्षी जरा जास्त वेळ,
मग पानं खारट.

न्याहरीला भाऊच्या धक्क्यावर गेलो.
बर्फाची लादी यंत्रात घातली की
ती दात खाल्ल्यासारखी ओरडते.
जोमाबाई तांडेल पापलेटांवर फावड्याने चुरा लोटत होती.
मी उगाच विचारलं, किती वेळ टिकतो?
"टिकतो? माझी पाटी विकेस्तोवर,"
ती म्हणाली, "मग जातो आपल्या घरी."
आणि पायाने पाणी धक्क्यावरून समुद्रात लोटलं.

पेट्या उन्हात ओळीने मांडल्या आहेत.
लाकूड वाळताना रंग बदलतं, तडकतं,
म्हणून ओलं फडकं टाकलं त्यावर.
कुठलं झाड, किती जुनं, ते प्रयोगशाळा सांगेल.
तक्त्यातला शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
लिहिलं : काष्ठ, काळपट. साल शाबूत.
जागा उरली तेवढ्यात : मुळं जागेवर.

संध्याकाळी साहेबांचा फोन पाष्टेला.
त्याने माझ्याकडे बघितलं, हात रिसीव्हरवर धरून,
"विचारतायत, खडक कितीला लागला?"

साडेचौदा, मी म्हटलं.
साडेचौदा सांग.