मागचं रीडिंग

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर
आमच्या सोसायटीचा सूचनाफलक आहे.
हल्ली मी तो रोज वाचतो.
गुरुवारी पाणी येणार नाही.
गच्चीत गाद्या वाळत घालू नयेत.
वाचतो कसला, उभा असतो.
सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग
वहीवर बसावी तशी छातीवर काहीतरी बसलेलं,
ते उठेपर्यंत.

बत्तीस वर्षं वीज मंडळाचे मीटर वाचले मी.
जनता वसाहतीची उभी चढण
एका सिगरेटीत चढायचो,
वर पोचून दुसरी.
चकती फिरते का बघायची, आकडा लिहायचा, पुढचं दार.
कुलूप असलं की शेरा, ‘दार बंद’,
आणि बिलाला सरासरी.

आता दिवसाला सहा. घरी तीन सांगतो.
दम लागतो तो फुप्फुसांमुळे, हे मीच ठरवलेलं.
त्यात एक आधार होता:
गुन्हेगार ओळखीचा,
रोज खिशातूनच काढायचो त्याला.
शिवाय सिंहगड रस्त्याची धूळ आहे,
रात्रीची मिसळ आहे, वय आहे.
शेजारच्या खोलीत कोण राहतं
हे कधी वाकून पाहिलं नाही.
दार बंद. सरासरी.

मंगळवारी मार्था सिस्टर खाली उतरत होत्या.
ससूनमधून निवृत्त, पण नजर अजून ड्यूटीवर.
‘सोनटक्के, ती नोटीस मागच्या महिन्यातली आहे.’
‘हो का?’
‘चार दिवस बघतेय. दुखतं?’
‘दुखत नाही हो. आवळतं.’
‘थांबलात की जातं?’
‘थांबलं की जातं.’
‘चढलात की येतं.’
हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.
‘बसा पायरीवर. पित्त जिने मोजत नाही.’
मी म्हणालो, संध्याकाळी दाखवतो.
त्यांनी माझ्या खिशातलं पाकीट काढून घेतलं
आणि खिडकीतून रिक्षाला हाक मारली.
अशी हाक मी फक्त भांडणात ऐकली होती.

छातीला गार चिकट बटणं.
मुलगी म्हणाली, हलू नका आजोबा.
आजोबा!
कागद सरकत बाहेर आला,
गुलाबी चौकोन, त्यावर रेघ,
एका जागी उतरलेली,
वर यायचं विसरल्यासारखी.
डॉक्टर दोनदा बघून फोनकडे वळले.

मी सवयीनं विचारलं,
मागचं रीडिंग काय आहे?

कुणी काही बोललं नाही.
नव्हतंच ते.
बाहेर बाकावर सिस्टर
माझ्या चपला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.