एक्केचाळिसावं मिनिट

मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये पडदा लावला,
म्हणजे चादर. कालच्या बांगड्यांचा वास तिला लगेच लागला.
पिक्चर आमच्याच किनाऱ्यावर काढलेला:
पुण्याची चार पोरं हरवतात,
कॅमेरा तेवढा सापडतो सुरूच्या बनात,
त्यात जे भरलंय तेच आपण बघायचं.
भूत मी होतो.
रात्रीचे सातशे, वडापाव वेगळा.

पुण्याला म्हणे थिएटरात माणसं डोळे झाकून बसली.
एक कॉलेजचा पोरगा अर्ध्यातनं उठून गेला तो आलाच नाही.
दिग्दर्शकाने फोनवर सांगितलं तेव्हा
मला माझ्याबद्दल जरा बरं वाटलेलं.

तांबळडेगात वेगळंच.
कॅमेरा फार हलतोय म्हणून भिवा तांडेल करवादला,
"ह्येका होडयेत घातल्यार ओकात."
पोरं ओरडत होती, "कॅमेरो टाक नि पळ मरे!"
पांडू सारंगाच्या विहिरीतून पांढरा हात वर आला
तर पांडूची सून म्हणाली,
"बाई गे, रहाट कसो गंजलो, पडद्यार कसो दिसता."
नायिका कुजबुजली, बाराला भरती येईल, आपण अडकू,
आणि आख्खी शेड हसली.
"अष्टमीक बाराक भरती? वर बघ गो, चांद अर्धो."

मग मी आलो.
चौघांच्या मागून, रांगत, मग उठून,
केस तोंडावर, अंगाला खाडीचा चिखल.
आई शेजारणीला म्हणाली, "आमचो सुदो.
डावो पाय बघ कसो ओढता,
बारीक असताना माडावरसून पडललो."
एवढंच.
आमच्याकडच्या देवचाराला नारळ लागतो, विडी लागते,
वाट चुकलात तर घरापर्यंत सोडतो.
हे कसलं भूत,
नुसतं मागे लागतं, मागत काहीच नाही.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला
पाण्याच्या कडेने एक उजेड जातो.
तो आम्ही घेतलेला नव्हता.
शूटिंगच्या रात्री कोणाच्या लक्षातही आला नाही,
पुण्यात एडिटिंगला सापडला:
बिनडोक्याचा माणूस, खांद्यावर काहीतरी लोंबतंय,
गुडघाभर पाण्यात पिवळा ठिपका.
दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, असलं मागून मिळत नाही.
थिएटरात सर्वांत मोठी किंकाळी तिथेच पडायची.

शेडमध्ये कोणी किंचाळलं नाही.
बर्फाच्या मशीनची घरघर ऐकू यायला लागली.
जयवंती मागून उठली,
क्रेट ओलांडत पुढे आली.
"मागे घे."

घेतलं.
उजेड उलटा गेला, परत आला.
"परत."
खांद्यावर पाग. हातात ती बॅटरी,
नवे सेल घातले तरी पिवळीच पेटणारी.
डोकं होतं. काळोखात होतं, इतकंच.
पिक्चर माघातला. गुणाजी आश्विनात गेला.
पाग तेवढा मिळाला, खडपात अडकलेला,
तो अजून तिच्या पडवीत आहे.

वारा आला की चादर फुगायची
आणि तो एक पाऊल अलीकडे यायचा.

किती वेळा मागे घेतलं, मोजलं नाही.
एकदा तो वाकला, पाण्यात काहीतरी बघायला,
उजेड क्षणभर त्याच्या कानावर पडला.
जयवंती रडली वगैरे नाही.
"मफलर बांधूक नाय," म्हणाली, "सांगललंय मिया."
भिवा म्हणाला, "थंडी होती त्या राती."
"तर काय."
मग कोणीतरी म्हणालं, त्या दिवशी त्याला
शेवटे बरे मिळाले होते,
आणि कोणीतरी म्हणालं, नाही, शेवटे नाहीत, गुंजी.
त्यावर बराच वेळ वाद झाला.

शेवटची बावीस मिनिटं राहूनच गेली.
नायिका वाचली की मेली
वाडीत अजून कोणाला ठाऊक नाही.