संदर्भसूची

नागपूरची पहिली गाडी साडेपाचला सुटते वडशावरून.
शनिवारी मी तिच्यात असते,
मांडीवर फाईल, फाईलवर डबा,
डब्यावर डोकं.
नागभीडला अर्धी जाग येते, भिवापूरला पूर्ण:
तिथं खळ्यांवर मिरची वाळत पडलेली,
आणि तो लाल
कुठल्याच कंपनीच्या डबीत भेटत नाही.

"चित्र शिकवाले एमे लागते काय वो?"
सासूबाईंनी साधंच विचारलं होतं.
हेडमास्तर म्हणाले, पगारात फरक पडणार नाही, मॅडम,
आणि माझा शुक्रवारचा तास
पुन्हा एकदा गणिताला दिला.
चाळिसाव्या वर्षी मी वह्यांना कव्हरं घातली.

पहिल्याच महिन्यात भिंतीवर एक जंगल उमटलं.
देवपुजारी मॅडम म्हणाल्या, लिहून घ्या,
वातावरणीय यथादर्शन:
अंतर वाढतं तसा रंग फिका पडतो.
मी "अंतर" एवढं लिहिलं
आणि पेन तिथंच राहिलं.

राइस मिलचं रिकामं गोदाम. जमिनीवर
वीस फूट मांजरपाट,
त्याच्यावर बाबा अनवाणी,
गेरूच्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात.
दिवाळीआधी कंपनीला तीन पडदे द्यायचे,
महाल, रस्ता, जंगल.
"मांगचं झाड पयले काढ. आन् त्याच्यात चुना जास्त."
काहून?
"दूर हाये ना थे."
याउपर त्यांनी मला काही शिकवल्याचं आठवत नाही.
डिंक करपला तेव्हा एक थापड दिली, ती वेगळी.

माझ्या प्रबंधाचं शीर्षक अडीच ओळींचं आहे,
एका दमात वाचता येत नाही.
चार शाळा, साठ मुलं, बावीस प्रश्न.
प्रश्न सातवा: तुला सर्वांत जास्त कोणता रंग आवडतो?
त्रिवेणी मडावीनं हात वर केला.
"रंगपेटी नाही माह्यापाशी. तरी लिहू काय?"
लिही, म्हटलं.
तिनं बराच वेळ पेन्सिल चावली
आणि रकाना कोरा ठेवून कागद परत दिला.
नियमानं तिची प्रश्नावली अपूर्ण.
नमुना: एकोणसाठ.

जानेवारीत संदर्भसूची टाइप केली.
"ल"च्या खाली, दोन जाड पुस्तकांच्या मध्ये:

लांजेवार, तुळशीराम (१९९३). जंगल.
चुना, नीळ, गेरू, डिंक; मांजरपाटावर. वीस बाय बारा फूट.
वडसा. उपलब्ध नाही.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
वाईट नाहीत त्या.
म्हणाल्या, असं नाही गं चालत विद्यापीठात,
पडद्याला पान क्रमांक कुठून आणशील?
तळटीपेत टाक, "व्यक्तिगत संवाद" म्हणून.
फक्त तारीख हवी.

तारीख.
गोदामाच्या फटीतून ऊन आडवं येत होतं,
म्हणजे चार वाजून गेले असावेत.
हलका धान कापणीला आला होता.
माझा पुढचा दात पडलेला.
पडदा त्या सीझनला सतरा गावं फिरला
आणि मग कोणाच्या तरी खळ्यावर
धान झाकायला गेला, असं ऐकलं.
यातलं काहीच
त्या चौकटीत बसेना.

सोमवारी शाळेत सव्वीस जानेवारीची तयारी.
शिपाई हरिदास झाडांच्या बुंध्यांना
चुना आणि गेरू फासत होता.
बादलीच्या तळाशी उरला तेवढा
मी एका वाटीत ओतला, त्रिवेणीपुढं ठेवला.
तिनं एक झाड काढलं होतं, शेणासारखं हिरवं,
पाला चुरडून केलेलं,
आणि त्याच्यामागं आणखी एक, तस्संच हिरवं.
मागच्यात हे मिसळ, म्हटलं.
"काहून?"
यथादर्शन हा शब्द जिभेवर आला होता.
गिळला.

फळ्यावर पोरांनी सुवाच्य अक्षरात
त्या दिवसाची तारीख लिहिली होती.
मी ती वहीत उतरवून घेतली.