लादी

लियाकत सारंग तीन उन्हाळे उत्तरेला होता,
जहाजाच्या लाँड्रीत.
वर लोक लाल कोट घालून हिमनद्या बघत,
खाली हा त्यांच्या चादरी पिळत.

एक गोल खिडकी, निम्मी पाण्यात.
तिच्यातून दिसलं तेवढं दिसलं.
निळं, म्हणतो, पण आपलं निळं नाही,
नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखं.

एका बेटावर उतरू दिलं, तासभर.
बारा-तेरा घरं, एक दुकान, साखळीला कुत्री,
आणि काठ्यांवर वाळत घातलेली मासळी.
वास ओळखीचा.
तिथल्या एका बाईने तुकडा दिला,
ह्याने उभ्याउभ्या खाल्ला.
मीठ कमी होतं.

रमजानात सूर्य बुडेचना.
मग हा हर्णैच्या मगरिबवर रोजा सोडायचा:
इथे हाजरा फोन खिडकीबाहेर धरायची,
तिथे हा भर दुपारी,
हातात खजूर, कानात अजान,
आणि मधूनच रेंज जायची.

आता माझ्या बर्फ फॅक्टरीत आहे.
चारच्या लिलावाआधी लाद्या क्रशरमध्ये ढकलतो.
काल एका लादीला कान लावून उभा.
काय रे?
म्हणाला, तिथला बर्फ पाण्यात टाकला की तडतडतो,
आत कोंडलेली हवा सुटते,
नबी-पैगंबरांच्याही आधीची.
आणि ह्यात?
ह्यात काय, मंगळवारची.

मग ढकलली.
खाली यमुना पावसे रिकामी टोपली बडवत होती.