अंदाजपत्रक

इराप्पा कॅबिनेट उघडतो आणि आधी शिंकतो.
आत अठरा वर्षांची धूळ,
शेजारच्या मागावरून उडत आलेले रेशमाचे तंतू,
एक वाळलेली पाल.
"अक्का, ह्याच्यात काय उरलं नाही बघा."
पाठकोऱ्या पत्रिकेवर तो दोन रकाने आखतो.
डावीकडे रॅम (मिळाली तर), एसएसडी, पंखा, सेल.
उजवीकडे एकच आकडा,
त्याच्याभोवती गोल.

हिशेब मलाही कळतो.
सकाळी बटण दाबून मी प्रेस झाडून घेते,
रवळनाथाला उदबत्ती लावते, दोन गिऱ्हाइकं परत पाठवते,
तेव्हा कुठे पडद्यावर निळं उजाडतं.
खडेबाजारात म्हणे आता दहा मिनिटांत
पत्रिका मोबाइलवर येते,
नाचत्या गणपतीसकट.

तरी मी अडून बसते.
ह्याच्या पोटातला ळ
दुसऱ्या मशीनला काढता येत नाही.
बेळगुंदी, येळ्ळूर, बेळवट्टी,
आमची गावं ळ शिवाय उभी राहत नाहीत.

"ळ साठी कोण संसार थांबवतंय?"
माझी खोड मोडायला तो हाताला लागेल ती जुनी फाइल
आपल्या लॅपटॉपवर ओढतो.
लागते ती त्याचीच:
इराप्पा लग्न फायनल फायनल तीन.

कन्नड बाजू नीट उघडते.
मराठी बाजू, निपाणीकडची,
चि. सौ. कां. हवं तिथं
डॉलर, टोपी, अर्धा कंस,
भागीरथीच्या जागी दोन उद्गारचिन्हं,
सासऱ्यांच्या नावात टक्केवारी.
शाबूत फक्त मुहूर्ताचे आकडे.
बारा पस्तीस.

तो हसत नाही.
उघड्या पोटाचं जुनं मशीन चालू करतो.
आम्ही चहा मागवतो, तो येतो, तो संपतो.
मग भागीरथी उतरते,
वरून खाली, एकेक पट्टी,
वेलबुट्टीच्या चौकटीत, दोन्ही वेलांट्यांसकट.

"एक प्रिंट द्या की."

उजवीकडचा गोल तो खोडत नाही.
खाली लिहितो: नवा घ्याच.
आणि तोंडानं म्हणतो, "पण हे इरली, अक्का. राहू दे."

माझ्याकडे पैसे एकाच रकान्याचे.

तो गेल्यावर बघते तर
झाकण घट्ट बसलंय,
आणि टेबलावर एक स्क्रू उरलाय.