पाइपावर दोनदा

तिबिलिसीच्या त्या नऊमजली इमारतीत
हिटिंगचे पाइप तीस वर्षं थंड आहेत.
ना पाणी जातं आतून, ना वाफ.
लमारा तरी रोज सकाळी आठला
चमच्यानं दोनदा वाजवते त्यावर
आणि तीन मजले वरून नाझिब्रोला
दोनदा उत्तर देते.
एवढंच. आहेस ना. आहे.

लमाराची लेक इटलीत,
कुणा परक्या म्हातारीला आंघोळ घालते.
फोनवर विचारते, जेवलीस?
लमारा हो म्हणते.
कधीकधी ते खरंही असतं.

यंदा आंबट प्लमच्या चटणीच्या दिवसांत
दोघी भांडल्या, मोठ्या पातेल्यावरून.
तू परत केलंच नाहीस, नाझिब्रोला म्हणाली,
तुझा नवराही असाच होता.
मेलेल्या माणसाला मधे आणलं तिनं!

अकरा दिवस अबोला.
अंगणातल्या बाकाच्या दोन टोकांना दोघी,
मधे कुणाचं तरी मांजर.
पण आठ वाजता टक् टक्,
वरून टक् टक्.
भांडण भांडणाच्या जागी.

बाराव्या दिवशी वरून काही नाही.
चमचा झाला, मग लाटणं.
मधल्या मजल्यावरचा पोरगा शिव्या देऊन गेला.
लिफ्टमध्ये टाकायला नाणं सापडेना,
म्हणून लमारा जिने चढली, गुडघ्यांना बोल लावत.
किल्ली तिच्याकडे होतीच,
रागात परत द्यायची राहिली होती.

नाझिब्रोला फरशीवर, कपाटाला टेकून,
घोटा भोपळ्यासारखा सुजलेला,
पाइप दोन हात लांब.

एवढं बडवलं मी, हाक तरी मारायचीस!

नाझिब्रोला तिच्या ओठांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, ऐकू कुठे येतं मला.
दोन वर्षं झाली.
साडेसातपासून पाइपावर हात ठेवून बसते,
थरथरला की समजते.

दोन वर्षं. म्हणजे बाकावरच्या त्या सगळ्या गोष्टी,
लेकीच्या, रक्तदाबाच्या,
आणि त्या एका रात्रीची, जी कुणालाच सांगितली नव्हती.
मान तर डोलावत होती ही.

आणि पातेल्याचं भांडण?

ते तोंड बघून केलं, नाझिब्रोला म्हणाली,
तुझा अंदाज येतो.

घोटा शेकायला पाणी ठेवावं म्हणून
लमारा ओट्याखाली वाकली.
पातेलं तिथेच होतं,
कानाशी तोच पोचा.
ती काही बोलली नाही.
बोलून तरी ऐकणार कोण होतं?
भरलं, आणि गॅसवर ठेवलं.